एक देऊन दोन

“चढाई संपू दे, मग बोलू.”

कुठल्याही प्रश्नावर त्याचं पहिलं उत्तर हेच. जेवलास का, म्हणून विचारा; पगार पुरतो का, म्हणून विचारा. मुलगी झाली तेव्हा मी फोन करून नाव काय ठेवणार असं विचारलं, तर दवाखान्याच्या गलक्यातून तोच आवाज आला: “चढाई संपू दे, मॅनेजर. अजून तिचं तोंडपण नाय बघितलं.”

तुमच्यापैकी ज्यांनी कबड्डी जवळून पाहिली आहे त्यांना हे समजेल. समोरचा गडी दम धरून आपल्या अंगणात घुसलेला असतो, तोवर कोण बाद आणि कोण शिल्लक हे कुणालाच सांगता येत नाही. तो मध्यरेषेला परत टेकतो किंवा आपल्याच अंगणात आडवा होतो, पंच शिट्टी मारतो, मग निकाल. त्याआधी हात वर करून नाचणारा खेळाडू कच्चा, असं त्याचं मत होतं. संघातली पोरं गुण मिळण्याआधीच ओरडायला लागली की तो त्यांच्या पाठीत धपाटा घालायचा.

त्याचं नाव मी लिहीत नाही. पोरं त्याला काका म्हणायची, तेवढं पुरे. वयाने तो माझ्याहून बराच लहान होता, पण कबड्डीत तिशी ओलांडली की माणूस काका होतोच. “काका, एसटीचा सवलतीचा पास काढला का?” असं पोरं विचारायची. तो म्हणायचा, “काढलाय. तुज्या बापाबरोबर जाऊन काढला, दोघांना एकत्र मिळाला.”

कळंबोलीच्या लोखंड बाजारात मी एका शेठकडे हिशेब बघतो. शेठना वडिलांपासून कबड्डीचं वेड. वडिलांच्या नावाने त्यांनी संघ काढला होता आणि मला खेळातलं थोडंफार कळतं म्हणून व्यवस्थापक केलं होतं. आमचे खेळाडू गोदामाच्या हजेरीवर असायचे. सकाळी ट्रकमधून सळया आणि पत्रे उतरवायचे, ऊन कललं की सरावाला जायचे. काका त्यातला सगळ्यात जुना. पनवेलजवळच्या गावातला, शेतीची जमीन नव्या वसाहतीत गेलेल्या घरातला. तो संघात डावा कोपरा सांभाळायचा. चढाईपटूचा घोटा पकडून त्याला आडवं करणं हे कोपऱ्यातल्या माणसाचं काम, आणि वर्षानुवर्षं सळया उचलून त्याच्या बोटांना अशी पकड आली होती की एकदा घोटा हाती लागला की पंचच म्हणायचे, “सोड आता, झाली शिट्टी.”

एकदा एक ट्रकवाला पत्र्याचा एक बंडल जास्तीचा भरून निघाला होता. सगळे आरडाओरडा करत होते, काका मात्र काही न बोलता गेला आणि केबिनमध्ये चढणाऱ्या ड्रायव्हरचा घोटा धरला. नुसता धरून उभा राहिला. ड्रायव्हर एका पायावर लोंबकळत शिव्या देत होता आणि हा खालून अदबीने म्हणत होता, “दादा, आमचा एक बंडल तुमच्याकडं ऱ्हायला बघा.”

कोपरा त्याच्या अंगातच भिनला होता. ऑफिसात बोलावलं तर तो डाव्या हाताच्या भिंतीला जाऊन उभा राहायचा. एसटीत मागची डावी खिडकी. संघातल्या एका पोराच्या लग्नात त्याला वरातीत ओढलं तर नाचता नाचता मागे सरकत सरकत तो रस्त्याच्या कडेला पोहोचला आणि गटारात पडता पडता वाचला. कप जिंकल्याचे आमचे जितके फोटो आहेत त्या सगळ्यांत तो डाव्या टोकाला आहे आणि बहुतेकांत अर्धा कापला गेला आहे.

आता गुडघ्याचं सांगतो, कारण सगळं त्याच्यापाशी येऊन थांबतं.

एका हंगामाच्या शेवटी त्याचा उजवा गुडघा दुखावला. त्याने कुणाला कळू दिलं नाही. घरी निरगुडीचा पाला गरम करून बांधायचा आणि वर लांब विजार घालून कामाला यायचा. पत्रे उतरवताना त्याचा पाय लटपटलेला मी पाहिला आणि त्याला पनवेलला डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टरांनी फोटो काढायला लावले, गुडघा हातात धरून इकडे तिकडे हलवला आणि सांगितलं की आतला बंध फाटला आहे. ऑपरेशन करा, नाहीतर खेळ सोडा. असंच खेळत राहिला तर एक दिवस हा पाय उभा राहायच्या कामाचा राहणार नाही.

परतताना स्टँडसमोर आम्ही चहा घेतला. तो म्हणाला, “मॅनेजर, एक करा. एक हंगाम मला बसवून ठेवा. मी गोदामात माल मोजतो, गेटवर बसतो, काय बोलाल ते करतो. पाय बरा झाला तर खेळतो. नाय झाला तर मग बघू.”

“बघतो,” मी म्हणालो.

“आणि कुणाला बोलू नका. पांगळा कोपरा म्हटलं की समोरचे त्याच्यावरच येतात.”

“नाही बोलणार.”

हे दोन शब्द मी दिले होते. पहिला अर्धवट होता, दुसरा पुरा.

त्या पावसाळ्यानंतर बाजार बसला. लोखंडाचा भाव पडला, बिल्डरांकडे पैसे अडकले. गोदामातली माणसं कमी झाली, शेठनी स्वतःची गाडी विकली. त्यांनी मला बोलावून सांगितलं, “संघ बंद करवत नाही रे. बाबांचं नाव आहे त्यावर. पण पगाराचा खर्च निम्म्यावर आण. कसा, ते तू बघ.”

शेठना मी दोष देत नाही. त्यांनी आकडा सांगितला होता, माणूस सांगितला नव्हता. माणूस मी निवडला.

सगळ्यात जुना म्हणून सगळ्यात जास्त पगार काकाचा होता. आणि बसवून ठेवायचं म्हणजे खेळ शून्य, पगार पुरा. खोपोलीच्या बाजूला एका लहान कारखान्याचा संघ होता, त्यांना अनुभवी कोपरा हवा होता. त्यांच्याकडे दोन कोवळी पोरं होती, चढाईत चपळ, गोदामात झोपायला आणि खानावळीत जेवायला तयार. दोघांचा मिळून पगार काकाच्या पगाराहून कमी होता. कागदावर याहून चांगला सौदा मला आजही सुचत नाही.

आमच्याकडे अशी अदलाबदल शब्दावर चालते. जिल्ह्याच्या कागदांवर सह्या नंतर होतात, आधी दोन व्यवस्थापक एकत्र चहा पितात. खेळाडू धडधाकट आहे हे देणाऱ्याने सांगायचं आणि घेणाऱ्याने मानायचं. डॉक्टरकडून तपासून घेणं म्हणजे समोरच्याचा अपमान. मात्र हंगामात जुनी खोट निघाली तर सौदा मोडतो आणि दोन्हीकडचे खेळाडू परत जातात. लोखंड बाजारातही हीच रीत आहे. वाकडा माल निघाला की ट्रक आल्या पावली माघारी.

त्यांचे व्यवस्थापक साधे गृहस्थ होते. मिसळ संपवून हात पुसता पुसता त्यांनी विचारलं, “गुडघ्याचं काहीतरी कानावर आलं होतं हो.”

“खेळाडूचा गुडघा आहे, लागायचंच,” मी म्हणालो. “आता ठणठणीत आहे.”

“तुमचा शब्द?”

“माझा शब्द.”

काकाला सांगायला गेलो तेव्हा तो सळयांचा बंडल तारेने बांधत होता. मी म्हटलं, “काका, खोपोलीकडे जायचंय तुला. पगार इथल्याएवढाच देतील. खोलीही देतील.”

त्याने तारेला पीळ पुरा बसवला. मग म्हणाला, “बदल्यात काय आलं?”

“दोन चढाईपटू. पोरं आहेत.”

“दोन?” तो हसला. “म्हंजे अजून भाव हाय माजा.”

मीही हसलो. मग त्याने विचारलं, “गुडघ्याचं सांगितलंत त्यांना?”

“नाही.”

“त्यांनी इचारलं नाय?”

“विचारलं.”

तो बाजूच्या ढिगाकडे बघत राहिला. पावसात तांबूस झालेल्या सळया आमच्या बाजारात जळक्या तेलाच्या फडक्याने पुसून ठेवतात. गिऱ्हाइकाला ताज्या वाटतात. एक गडी तेच करत बसला होता. काका त्याला म्हणाला, “इकडं पण मार रे जरा फडका.” आणि आपला उजवा पाय पुढे केला. गड्याला काही कळलं नाही, तो नुसताच हसला.

“तू म्हणत असशील तर मी त्यांना खरं सांगतो,” मी म्हणालो. आम्हा दोघांनाही माहीत होतं की मी सांगणार नाही.

“सांगून काय? सौदा मोडंल, पोरं तिकडं जातील, मी इकडं येईन. इकडं शेठला मी परवडत नाय. मग मी कुठं उभा ऱ्हाऊ?” तारेचा उरलेला तुकडा त्याने गुंडाळून खिशात टाकला. “खेळतो मी. संभाळून खेळतो.”

सुरुवातीला लोकांनी मला सोललं. पनवेलमध्ये स्टँडसमोर एक चहाची टपरी आहे, तिथे कबड्डीचे जुने शौकीन जमतात. मी दिसलो की कुणीतरी मोठ्याने म्हणायचं, “या, कोपरा विकून ओसरी बांधणारे आले.” दुसरा म्हणायचा, “दोन घेतलीत हो, पण एकाला तरी मिशी फुटलीय का?” मी चहा अर्धा टाकून निघायचो. माझ्यासारख्या माणसाच्या हातून आयुष्यात निर्णय असे फार थोडे घेतले जातात. हा एक मी घेतला होता, आणि तो चुकला असं मला कुणाकडूनही ऐकून घ्यायचं नव्हतं.

मग पोरं खेळायला लागली. त्यातला एक सडपातळ, सावळा मुलगा तर बघता बघता सगळ्यांचा लाडका झाला. टपरीवरचे सूर बदलले. माझा चहा पुरा प्यायला जाऊ लागला. खोपोलीकडून बातम्या यायच्या की काका बरा खेळतोय, पण पूर्वीसारखा झेप घेत नाही. मला ते का ते माहीत होतं. तो गुडघा वाचवत होता, आणि त्याबरोबर माझा शब्दही.

पनवेलच्या मैदानावर मॅट टाकून स्पर्धा होती. उपांत्य सामना आमचा आणि त्यांचा. संध्याकाळची वेळ, बांबूचे कठडे, गच्च गर्दी. टपरीवरचे सगळे पुढच्या रांगेत. काका त्यांच्या डाव्या कोपऱ्यात उभा होता आणि आमचा बाक नेमका त्याच बाजूला होता. सामन्याआधी तो मला बघून हसला, लांबूनच हात जोडले.

तो त्या दिवशी फार सुंदर खेळला. झेप न घेता नुसतं अंतर राखून, समोरच्याला फसवून घोटा घेत होता. आमची दोन्ही पोरं त्याने एकेकदा बाहेर बसवली. मागून आवाज आला, “मॅनेजर, परत घ्या त्याला! दोन देऊन एक!” लोक हसले. गुण बरोबरीत आले होते आणि वेळ संपत आली होती.

आमचे प्रशिक्षक निवृत्त शिक्षक होते, आम्ही त्यांना गुरुजी म्हणायचो. त्यांची नजर पक्की. ते माझ्या कानाशी वाकून म्हणाले, “काकाचा एक पाय कच्चा वाटतोय. नेहमीसारखा वळत नाही. कुठला हो?”

मी बोललो नाही. कुणाला बोलणार नाही असा माझा शब्द होता, तो मी त्या अर्थी पाळला. मी फक्त माझा हात उचलून माझ्या उजव्या गुडघ्यावर ठेवला.

गुरुजींनी मान हलवली आणि सावळ्या पोराला जवळ बोलावून काहीतरी सांगितलं. पोरगा चढाईला गेला. एकदा आत वळल्यासारखं करून त्याने काकाला खेचलं, मागे आला. पुन्हा तसंच. काका प्रत्येक वेळी उजव्या पायावर फिरत होता. तिसऱ्या वेळी पोरगा आत जाता जाता एकदम बाहेरच्या रेषेकडे सुटला. काका फिरला आणि त्याने झेप घेतली. त्या हंगामात मी पाहिलेली त्याची ती पहिली आणि शेवटची झेप. घोटा त्याच्या हातात आला. पोरगा तोंडावर आपटला, पंचाने शिट्टी मारली, आमचा गडी बाद.

त्यांच्या संघाने जल्लोष केला. सगळे उठले. काका उठला नाही. तो पोराचा घोटा तसाच धरून पडला होता, आणि पोरगा त्याला म्हणत होता, “काका, सोडा, झाली शिट्टी.”

इथे कुणीही नियम मोडला नव्हता. पोराने शिकवल्याप्रमाणे चढाई केली, गुरुजींनी प्रशिक्षकाचं काम केलं. काकाला उचलून नेलं, त्याच्या कोपऱ्यात कच्चा बदली गडी आला आणि आम्ही सामना मारला. दुसऱ्या दिवशी कपही मारला. शेठनी मला मिठी मारली. टपरीवाल्याने आमच्याकडून पैसे घेतले नाहीत.

आठवड्याभरात त्यांच्या व्यवस्थापकांचा फोन आला. “डॉक्टर म्हणतात, दुखणं जुनं आहे. तुम्ही शब्द दिला होतात.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“मी सौदा मोडणारच होतो,” ते म्हणाले, “पण काका म्हणतो की आधी काही नव्हतं, याच सामन्यात लागलं. शपथेवर सांगतो म्हणतो. त्याच्याकडे बघून सोडतो. तुमच्याशी पुन्हा चहा नाही प्यायचा मला.”

कारखान्याने त्याला हंगाम संपेपर्यंत पगार दिला आणि थांबवलं. शेठनी ऑपरेशनला काही पैसे दिले, ते मी नेऊन पोहोचवले. ऑपरेशन उशिरा झालं. त्यानंतर महिनोन्‌महिने जो व्यायाम करायचा असतो तो करायला त्याला उसंत नव्हती. करंजाड्याला नव्या इमारतीच्या कामावर पहारेकऱ्याची जागा मिळाली होती आणि ती सोडली असती तर दुसरा वाट बघत होता. गुडघा वाकलेला होता तसाच आखडून बसला. तो चालायचा तेव्हा उजवी टाच जमिनीला लागायची नाही. बायको चार घरची धुणीभांडी करू लागली.

मी जायचो कधीकधी. जिन्याखाली त्याची खाट असायची. तो उठून डबा पालथा घालून मला बसायला द्यायचा. आम्ही बाजाराबद्दल बोलायचो, मुलीच्या शाळेबद्दल बोलायचो. कबड्डीचा विषय मी काढत नसे. एकदा त्यानेच विचारलं, “पोरं बरी हायत ना? आपली दोगं?” मी म्हटलं, बरी आहेत, एकाला पोलिसात घेतलंय. त्याला मनापासून आनंद झाला. “मग फुकट नाय गेलं,” म्हणाला.

आमचा संघ त्यानंतर फार टिकला नाही. शेठ थकले, मुलाला खेळात रस नव्हता. पण ती अदलाबदल मात्र लोकांच्या तोंडी राहिली. एखाद्या संघाने महागडा खेळाडू सोडला की अजूनही टपरीवर विषय निघतो, आणि शेवटी कुणीतरी म्हणतोच, “सौदा म्हणजे मॅनेजरचा. म्हातारा बैल दिला, दोन खोंड आणले.” मागे वळून बघणाऱ्यांना कप दिसतात. ते खोटेही नाहीत, आणि माझ्या कपाटात त्यांचे फोटो आहेत.

गेल्या हिवाळ्यात करंजाड्याच्या गावकीने स्पर्धा भरवली होती आणि जुन्या मंडळींचा सत्कार ठेवला होता. शाल, श्रीफळ, वर निवेदकाचं तोंड भरून कौतुक. मला स्टेजवर बसवलं होतं. खाली पहिल्या रांगेत जुने खेळाडू, त्यांत काका, पाय पुढे ताणता येत नाही म्हणून खुर्चीच्या कडेला तिरका बसलेला. माझं नाव आलं तेव्हा निवेदक ओरडला, “मंडळी, एक देऊन दोन घेणारा आपल्या तालुक्यातला पहिला माणूस!” लोक हसले, टाळ्या वाजल्या. काकाही टाळ्या वाजवत होता.

माझ्या हातात माईक दिला. घरून निघताना मी ठरवलं होतं की आज सगळ्यांसमोर बोलायचं. मी त्याच्याकडे पाहिलं. मग शेठचे आणि गुरुजींचे आभार मानले, आयोजकांना शुभेच्छा दिल्या आणि खाली बसलो.

त्याचा सत्कार करायला मला स्टेजवरून खाली उतरायला सांगितलं, कारण त्याला पायऱ्या चढवत नव्हत्या. मी शाल पांघरली. तो हळूच म्हणाला, “भारी हाय शाल. थंडीला होईल.”

नंतर मंडपाच्या मागे, जिथे जेवणाची पातेली ठेवली होती, तिथे तो नारळ काखेत धरून एकटा उभा होता. मी गेलो आणि विचारलं, “काका, तेव्हा चुकलं ना माझं?”

“आज इचारताय?”

“आज विचारतो.”

त्याने विचार केला. राग नव्हता त्याच्या तोंडावर. पंचांना शंका आली की ते जसे एकमेकांशी बोलून घेतात तसा तो स्वतःशी बोलून घेत असावा.

“मला दिलात ते बरोबर केलंत,” तो म्हणाला. “मी जुना झालो होतो. तुमच्या खुर्चीत मी असतो तर मीपण मलाच दिला असता. गुडघा लपवलात, ते पण समजतो. मीपण लपवला, माजी भाकर होती त्यात. पण तुमी गुडघ्यावर हात ठेवलात. तेवढं नव्हतं करायला पायजे.”

मला वाटलं होतं की ते फक्त गुरुजींना आणि मला माहीत आहे. “तू पाहिलंस?”

“तुमच्या समोरच तर उभा होतो.”

“मग बाहेर का नाही गेलास? बदली खेळाडू मागायचा होतास.”

“मला वाटलं, ठेवला असंल असाच. माणूस बसला की हात कुठंतरी ठेवतोच ना.” तो नारळाच्या शेंडीवरून बोट फिरवत होता. “तो पोरगा आत वळला, तेव्हा समजलं.”

मी म्हणालो, “मला माफ कर.”

तो म्हणाला, “जेवून घ्या, वरण संपंल.” आणि शाल सावरत, टाच उचलून, गर्दीच्या कडेकडेने निघून गेला. माफ केलं असं तो म्हणाला नाही. नाही असंही म्हणाला नाही.

या उन्हाळ्यात त्याला कावीळ झाली. त्याने ती अंगावर काढली, दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता. कावीळ माझ्यामुळे झाली नाही, एवढं मलाही कळतं. फोन त्या सावळ्या पोराचा आला, तोच तो, जो आता पोलिसात आहे. “साहेब, काका गेले,” म्हणाला, आणि रडायला लागला. त्याला कधीच काही माहीत नव्हतं. त्याच्या लेखी तो एका मोठ्या खेळाडूच्या जागी आला होता आणि त्याच मोठ्या खेळाडूने आपली शेवटची पकड त्याची केली होती. तो हे सगळ्यांना अभिमानाने सांगतो.

मी पोहोचलो तेव्हा दारात तिरडी बांधत होते. जुन्या संघातली बरीच पोरं आली होती, आता पोटं सुटलेली, केस विरळ झालेले. काकाला उचलून बांबूंवर ठेवला. डावा पाय सरळ झाला, उजवा होईना. गुडघा वरच राहिला. दोर आवळायला अडचण होऊ लागली, तेव्हा कुणीतरी म्हातारा म्हणाला, जरा दाबा, बसंल. सावळा पोरगा पुढे झाला. त्याने खाली बसून दोन्ही हात त्या गुडघ्यावर ठेवले.

“नको रे,” काकाची बायको म्हणाली. “दाबू नको. तो दुखतो त्यांचा.”

पोराने हात काढून घेतले. गुडघा तसाच ठेवून काकाला बांधलं, आणि पांढरं कापड तिथे उंच राहिलं.